भूमव्वाच्या लेकीचा अंगठा

भूमव्वाला माणूस ओळखायची एकच पद्धत ठाऊक होती. ती तोंड बघायची नाही, बोटं बघायची. गल्लीत कुणाकडे नवी सून आली की ही दारात उभी राहून आधी तिचे हात न्याहाळायची आणि मग चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायची. मी लग्न होऊन सोलापूरहून इथं आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या मांडीवर सूप ठेवलं, त्यात भिजवलेली पानं आणि तंबाखू ठेवला आणि म्हणाली, वळ बघू. माझी आई विड्या वळायची, आजी वळायची, तेव्हा मी चांगल्या ऐटीत वळून दाखवली. तिनं ती विडी दोन बोटांत धरून दाबली.

"शोलापुरात तंबाखू महाग झालाय का गं? आत नुसती हवा आहे."

तेव्हापासून माझं नाव शोलापुरक्का पडलं ते पडलंच. खरं नाव माझ्या नवऱ्याला तरी आठवतं की नाही, शंकाच आहे.

पण एकट्या भूमव्वाला बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्याकडे सोयरीक घेऊन आलेली माणसं चहाची बशी खाली ठेवायच्या आत विचारतात, मुलीला विडी येते ना, आणि कारखान्याचं कार्ड आहे ना. कार्ड असलं की फंड कापला जातो, म्हातारपणी पेन्शन मिळते. हात चालणारी मुलगी असली की देण्याघेण्याची बोलणी जरा नरमाईनं होतात. भूमव्वाचं सगळं आयुष्य त्या कार्डावर चाललेलं. नवरा नर्सय्या मस्कतला कुठल्याशा कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. कंबर धरली म्हणून परत आला तो बाजेवर बसला. संध्याकाळी ताडीच्या झाडाखाली आणि बाकी दिवसभर बाजेवर, असा त्याचा मुक्काम. गल्लीला मात्र अजून वाटायचं, मस्कतवाला आहे, कुठेतरी पुरून ठेवलं असेल.

स्रवंती ही त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेचं दप्तर पाठीला लागलं त्याच सुमाराला ती विडीला दोरा बांधायला शिकली, आणि दहावीला बसेपर्यंत तिची विडी अशी काही उतरायला लागली की भूमव्वा ती हातात घेऊन घरोघर दाखवत फिरायची. तोंड कसं मिटलंय बघा, म्हणायची. हिला मागणी घालायला मोठ्या घरची माणसं येतील. आम्ही मान डोलवायचो. खोटं कशाला सांगू, विडी खरंच देखणी असायची.

आता या बाईचं दैव बघा. विडीत हुशार असलेली मुलगी अभ्यासातही हुशार निघाली. बारावीनंतर औषधशास्त्राच्या प्रवेश परीक्षेला बसायचं म्हणून ती जिल्ह्याच्या गावी मामाकडे जाऊन राहिली, परीक्षा दिली, आणि तिथल्याच एका कॉलेजात तिचं नाव लागलं. फीचा आकडा ऐकून नर्सय्या प्रथमच बाजेवरून उठून उभा राहिला. आमची सगळी गल्ली वर्षभर वळत बसली असती तरी तो आकडा गाठता आला नसता.

पण ती फी सरकार भरतं. आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी ही सोय आहे, आणि तिच्या जोरावर आमच्या गल्लीतून दोन मुलं इंजिनियर झालेली आहेत. फक्त सरकारची तऱ्हा अशी की पैसे आपल्या हातात पडत नाहीत. ते परस्पर कॉलेजला जातात, तेही वर्ष-दीड वर्ष उशिरानं, आणि तोवर कॉलेज मुलांची मूळ प्रमाणपत्रं कपाटात कोंडून वाट बघत बसतं. आपण दरवर्षी नव्यानं पटवून द्यायचं की आपण अजून गरीबच आहोत, मुलगी वर्गात बसते, आणि ती तीच आहे. गरिबीचा दाखला तहसीलमधून मिळतो. तिथल्या कारकुनानं मस्कतचं नाव ऐकून भुवई वर केली होती, तेव्हा भूमव्वानं नर्सय्याला त्याच्यापुढे उभं करून चालायला लावलं. दाखला लगेच मिळाला. हजेरी कॉलेज कळवतं. आणि मुलगी तीच आहे हे सांगायला सेवा केंद्रात जाऊन यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवायचा. मागे म्हणे कुठेकुठे नसलेल्या मुलांच्या नावावर पैसे उचलले गेले, म्हणून ही अंगठ्याची अट.

भूमव्वाला या सगळ्यात अंगठाच काय तो आवडला. शिकायला इतके कागद कशाला लागतात हे तिला पटत नव्हतं. अंगठा मात्र देवानं गरिबालाही दिलाय, म्हणाली. पहिल्या वर्षी स्रवंतीनं काचेवर अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला आणि भूमव्वानं सेवा केंद्रातल्या त्या यंत्राला हात जोडले.

दुसऱ्या वर्षीचं सगळं बिनसलं. स्रवंती मामाकडून घरी परतली होती. पहाटेची बस पकडून कॉलेजला जायची, दिवे लागायच्या वेळी परत यायची आणि तोंडावर पाणी मारून सूप मांडीवर घ्यायची. रविवार पूर्ण विड्यांत, उन्हाळ्याची सुट्टी पूर्ण विड्यांत. भूमव्वाची नजर अधू व्हायला लागली होती, त्यामुळे कार्ड आईचं आणि निम्म्याहून जास्त विड्या लेकीच्या असा मामला होता. बतुकम्मा, म्हणजे इकडचा दसऱ्याआधीचा फुलांचा सण, जवळ आला तेव्हा दोघी त्या वर्षासाठी अर्ज नव्यानं चालू करायला सेवा केंद्रात गेल्या. मीही सोबत होते, मला रेशनकार्डाचं काम होतं.

केंद्रातला तिरुपती आमच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. त्यानं स्रवंतीचा अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. मग एकेक बोट. मग काच शर्टाच्या बाहीनं पुसून पुन्हा एकेक बोट. मागे रांग वाढत चालली, लोक खाकरायला लागले. उद्या ये, कधीकधी यंत्राचंही डोकं फिरतं, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

भूमव्वाचं डोकं मात्र तिच्या पद्धतीनं चाललं. तंबाखूनं मुलीची बोटं पिवळी पडलीत, सरकारला मळका हात चालत नसणार, असं तिनं ठरवून टाकलं. घरी येऊन तिनं चिंच भिजवली, विटेची भुकटी केली आणि सणाआधी पितळेचे तांबे घासावेत तशी पोरीची बोटं घासायला बसली. मी माझ्या दारातून बघत होते. स्रवंती म्हणत होती, अव्वा, झोंबतंय. भूमव्वा म्हणत होती, सरकारपुढे जायचंय, थोडं झोंबू दे. त्या वेळी मला ते बरोबरच वाटलं. मी वर लिंबूही नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पुन्हा गेलो, तर यंत्रानं आदल्या दिवसाइतकीही दाद दिली नाही. तिरुपतीनं स्रवंतीची बोटं खिडकीच्या उजेडात धरली.

"अव्वा, हिला काय केलंत? हिच्या बोटावर रेघच उरली नाही. पाटी पुसल्यासारखं झालंय."

"स्वच्छ केलं."

"स्वच्छ नको होतं. रेघा हव्या होत्या. पानानं आधीच झिजल्या होत्या, उरल्यासुरल्या तुम्ही घासून काढल्या."

भूमव्वानं आपला अंगठा पुढे करून तो काचेवर दाबला. लाल दिवा. माझाही दाबायला लावला. लाल. मला हसू आलं, पण तिचं तोंड बघून मी ते गिळलं. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा कधीचाच लागत नव्हता, तिथं नर्सय्याचा चालायचा. ही गोष्ट आम्हा सगळ्याजणींचीच होती. विडीवाल्या बाईचा अंगठा लागत नाही, नवऱ्याचा लागतो, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्यामुळे भूमव्वानं पुढे जे केलं त्याला मी तरी हसणार नाही. ती तडक घरी गेली आणि नर्सय्याला आंघोळ घालून, स्वच्छ धोतर नेसवून केंद्रात घेऊन आली. त्याचा अंगठा धरून तिनं तिरुपतीपुढे केला. रेशनला चालतो, मग कॉलेजला का नाही, बाप आहे तिचा.

अंगठा मात्र काय होता म्हणता. वर्षानुवर्षं कामाला न लागलेला, रेघ न् रेघ शाबूत. रांगेतला एकजण म्हणालाही, या घरात धडका अंगठा एकच आणि तोही बसून खाणाऱ्याचा. नर्सय्यानं खाली मान घातली. तिरुपतीनं हसत नाही असं दाखवत समजावलं की जिची फी तिचाच अंगठा लागतो, बापाचा चालत नाही, देवाचाही चालत नाही. डोळे बघणारं यंत्र जिल्ह्याच्या कचेरीत होतं, ते दुरुस्तीला गेलेलं आणि कधी येईल ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता एकच उपाय होता. हाताला विश्रांती. पान नाही, कात्री नाही, भांडी नाहीत, धुणं नाही. रात्री खोबरेल लावायचं. कातडी परत येते तशा रेघाही परत येतात, म्हणाला. मुदत दसरा झाला की संपत होती. त्याआधी अंगठा लागला नाही तर सरकारच्या लेखी स्रवंती कॉलेजात नाहीच, आणि वर्षाची फी भूमव्वाच्या गळ्यात. ती भरता येणार नाही हे कॉलेजलाही ठाऊक होतं. मग परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"पहिल्या वर्षी कसा लागला मग?" भूमव्वानं विचारलं.

"पहिल्या वर्षी ती मामाकडे होती, अव्वा. अभ्यास करत होती. विड्या वळत नव्हती."

परत येताना भूमव्वा चार पावलं पुढेच चालत होती. ज्या बोटांची तिनं गल्लीभर मिरवणूक काढली, तीच आता आड आली होती. मला तिचं वाईट वाटत होतं, पण ते तिला सांगायची सोय नव्हती. ती कणव घेणारी बाई नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून भूमव्वाच्या घरात उलटी गंगा वाहू लागली. स्रवंती कॉलेजातून आली की तिला बाजेवर बसवायचं आणि हात फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवायला लावायचे. आणि बाजेवरचा नर्सय्या चुलीपुढे. भाकऱ्या तो थापायचा, भांडी तो घासायचा. मस्कतच्या मेसमध्ये शेकडो माणसांना जेवू घातलेला माणूस, कंबर धरून का होईना पण कामाला लागला, आणि आमटीचा वास असा सुटायचा की आम्ही निमित्त काढून तिकडे जायचो. भूमव्वा एकटी सूप घेऊन बसायची. उजेड असेपर्यंत वळायची, दिवा लावून वळायची. तरी संख्या भरेना. कारखान्यातून जेवढं पान आणि तंबाखू नेला तेवढ्या हिशोबानं विड्या परत द्याव्या लागतात. सारखं कमी भरलं की मुनीम कार्ड दुसरीला देऊन टाकतो. पेन्शन तोंडाशी आलेली असताना कार्ड जाणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं.

मी म्हटलं, माझ्याकडे दे थोडं पान. तर म्हणाली, तुझ्या विड्यांत हवा असते, मुनीम छाटून बाजूला टाकेल. मी रागानं उठून आले. मरू दे, म्हटलं.

चारसहा दिवसांनी मात्र संख्या अचानक भरायला लागली. मला बरं वाटलं. भूमव्वाला वाटलं नाही. एका सकाळी ती जुड्या बांधायला बसली होती, मी तंबाखू मागायला गेले होते. जुडी बांधता बांधता तिचा हात थांबला. तिनं त्यातली एक विडी ओढून काढली, डोळ्यांजवळ नेली, तोंडाकडून फिरवून बघितली. मग आणखी एक काढली. मग जुडी सोडून सगळ्याच सुपात पसरल्या. स्रवंती बसला निघायची म्हणून ओढणी नीट करत होती.

"ही तुझी आहे," भूमव्वा म्हणाली.

स्रवंतीनं हात ओढणीखाली घेतले.

"मी झोपले की वळतेस."

"तुझी मान वर होत नाही, अव्वा. हात मांडीवर ठेवून तुला वळताना बघायचं, माझ्यानं नाही होत."

"मग बघू नकोस. डोळे मीट, भिंतीकडे तोंड कर, पण हात मांडीवर ठेव." तिनं हातातली विडी सुपात टाकली. "मी तुझ्या हातात पान दिलं तेव्हा तू केवढीशी होतीस. सगळ्यांना दाखवत फिरले मी. मला काय ठाऊक, मी तुझं बोट पुसतेय."

आणि ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. नर्सय्या पिठाचे हात घेऊन चुलीपाशी तसाच उभा राहिला. स्रवंती आईजवळ बसायला वाकली तर तिनं हात झटकून तिला लांब केलं, बस चुकेल, हजेरी कमी भरली तर तेही एक होऊन बसेल, जा. पोर पळत गेली. गेलेले दिवस तर वायाच गेले होते. जुन्या रेघा परत येऊ घातल्या होत्या त्याही पुन्हा पानाखाली गेल्या. दसरा जवळ येत चालला होता.

त्याच दुपारी भूमव्वानं जे केलं ते आमच्या गल्लीत अजून सांगितलं जातं. तिनं सुपात भिजलेलं पान घेतलं, तंबाखूची पुडी घेतली, आणि ती माझ्याकडे न येता समोरच्या लस्मव्वाच्या दाराकडे निघाली. या दोघींचं बोलणं बंद होतं. एकदा कारखान्यात सगळ्यांदेखत भूमव्वा मुनिमाला म्हणाली होती, लस्मव्वाच्या विड्या ढिल्या असतात, बघून घ्या. मुनिमानं बघितल्या आणि अर्ध्या छाटल्या. तेव्हापासून लस्मव्वा हिच्या दारावरून जाताना पदर सावरून थुंकायची. गल्लीतल्या सगळ्यात वेगवान हाताची बाई म्हणजे लस्मव्वा. भूमव्वा नीट बोलू शकत नसेल, पण कुणाचा हात किती चालतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लस्मव्वा उंबऱ्यावर बसून वळत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्या लेकीला हात राखायचाय," भूमव्वा म्हणाली. "पान आणलंय. वळून दे."

"माझ्या विड्या ढिल्या असतात ना?"

मला वाटलं, आता तरी ही बाई गोड बोलेल. दोन शब्द खाली घेईल. गरज हिला, दार तिचं.

"असतात," भूमव्वा म्हणाली. "तरी वळ."

लस्मव्वानं वर बघितलं. मग ती अशी हसायला लागली की मांडीवरचा तंबाखू सांडला. म्हणाली, मेलीस तरी तुझी जीभ सरणावर वेगळी जाळावी लागेल, आण इकडे. तिनं पान अर्धं करून अर्धं आपल्या सुपात घेतलं आणि अर्धं पलीकडच्या दाराकडे सरकवलं. संध्याकाळपर्यंत भूमव्वाचं पान सगळ्या गल्लीत फिरलं. माझ्याकडेही आलं. मी आधी रागावलेली आहे हे दाखवलं आणि मग घेतलं.

तेव्हापासून आम्ही आपापल्या विड्या झाल्या की भूमव्वाच्या थोड्या वळायचो. दुपारी तिच्याच अंगणात बसायचो, नर्सय्या मस्कतच्या पद्धतीचा वेलची घातलेला चहा द्यायचा. आता इतक्या बायकांनी फुकट वळून दिल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही? भूमव्वा एकेक विडी दाबून बघायची. ही सैल, हिचं तोंड उघडं, शोलापुरक्का ही तुझीच असणार. ढिल्या विड्या उकलून पुन्हा वळायची. लस्मव्वा म्हणाली, उपकार करतोय तरी छाट काढते ही. पण कुणी उठून गेलं नाही. मुनिमानं जुड्या हातात घेऊन भूमव्वाकडे बघितलं, कारण एका जुडीत दहा हात होते आणि त्याला ते कळलं होतं. तरी त्यानं मोजून घेतल्या. त्याची बहीणही विडीवालीच आहे.

बतुकम्माच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी पहाटे रानात जाऊन तरवडाची आणि कुर्डूची फुलं आणतात, थराथरानं रचतात. स्रवंतीला यंदा फुलाला हात लावायची मनाई. कुर्डूचा देठ खरखरीत असतो म्हणून. संध्याकाळी बायकापोरी फुलांच्या बतुकम्माभोवती फेर धरून टाळ्या वाजवत गाणी म्हणतात, तेव्हा स्रवंती फेरात आली, आणि गाण्याच्या मधूनच भूमव्वाचा आवाज आला, हळू वाजव, हळू. सगळा फेर हसून थांबला. मग पोरींनी ठरवलं की आपणही हळू वाजवायच्या. त्या वर्षी आमच्या गल्लीच्या टाळ्यांचा आवाज म्हणजे कुणी पीठ चाळतंय इतकाच होता. पलीकडच्या गल्लीनं विचारलं, तुमच्याकडे कुणी गेलंय का?

मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही केंद्रात गेलो. आम्ही म्हणजे गल्लीच. लस्मव्वा, मी, नर्सय्या, आणखी कितीजणी. तिरुपतीनं सगळ्यांना दाराबाहेर काढलं, तरी आम्ही खिडकीला नाक लावून उभ्या राहिलो. स्रवंतीनं फडकं सोडलं. आत बोटं इतकी मऊ आणि गोरी दिसत होती की ती तिची वाटेनात. उजवा अंगठा ठेवला. लाल. लस्मव्वानं माझं मनगट धरलं. तिरुपतीनं काच पुसली, अंगठा जरा तिरका करून दाब म्हणाला. लाल. डावा अंगठा. यंत्र विचार करत राहिलं. भूमव्वा यंत्राकडे बघत नव्हती, ती लेकीच्या बोटाकडे बघत होती. आणि हिरवा दिवा लागला.

लस्मव्वानं माझं मनगट सोडलं. तिरुपतीनं कागद छापून हातात दिला आणि म्हणाला, हा कॉलेजात नेऊन दे, बाकीचं आता ते आणि सरकार बघून घेतील. भूमव्वानं कागद नर्सय्याकडे दिला. मग तिनं लेकीचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि घाईघाईनं सोडून दिला, आपल्या हाताची खरखर लागेल म्हणून.

स्रवंतीनं त्या वर्षीची परीक्षा दिली आणि पास झाली. फीचे पैसे कॉलेजला बऱ्याच उशिरा पोचले, पण पोचले. स्रवंतीनं त्यानंतर पानाला हात लावला नाही. दरवर्षी अंगठा लागणारच होता, त्यामुळे भूमव्वानं दरवर्षीचीच मनाई केली. तिच्या वाटच्या विड्या तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही वळत होतो, तोवर नर्सय्याही वळायला शिकला. त्याच्या विड्यांबद्दल भूमव्वाचं मत मी इथं लिहीत नाही.

गेल्या महिन्यात स्थळ घेऊन एक बाई आल्या. लांबच्या गावच्या, चांगल्या घरच्या. आम्ही शेजारणी रीतीप्रमाणे बसलो होतो. बाईंनी चहाची बशी खाली ठेवायच्या आत स्रवंतीचा हात हातात घेतला आणि बोटं उलटसुलट करून बघितली. मऊ, गुळगुळीत, डाग नाही. त्यांच्या तोंडावरची नाराजी लपेना.

"हिला विडी येत नाही वाटतं?"

आम्ही सगळ्याजणी भूमव्वाकडे बघायला लागलो. जिच्या लेकीच्या विडीला या तालुक्यात जोड नव्हती ती बाई आता काय बोलते ते ऐकायचं होतं. लस्मव्वानं तर तोंडाला पदर लावला.

"नाही येत," भूमव्वा म्हणाली. "एकसुद्धा वळलेली नाही कधी."

इतकं खोटं, आणि इतक्या तोऱ्यात, मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बाईंनी विचारलं, मग येतं काय? भूमव्वानं स्रवंतीकडे बघितलं आणि म्हणाली, तिलाच विचारा की, ती सांगेल.